तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डिंग मिळतंय ना, मग लाइव्ह कशाला?

"अगं, पण रेकॉर्डिंग मिळतंय ना? मग रोज रात्री साडेआठला एवढी ओढाताण करून ऑनलाइन क्लासला लाइव्ह बसायचं कशाला?"

वर्षभरात हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. नणंदेनं, शाखेतल्या कॅशियरनं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी, आणि परवा शेजारच्या काकूंनी दारात उभ्या उभ्या. दर वेळी मी काहीतरी अर्धवट बोलून सुटका करून घेते. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर पूर्ण उत्तर सुचतं आणि ते ऐकायला कुणी नसतं. म्हणून आज एकदाच सगळं लिहिते.

माझे डोळे कसे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे, ते परत सांगत बसत नाही. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, बस. वय ४४, बँकेत क्लार्क. जेएआयआयबीचे, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेचे, चारपैकी तीन पेपर निघालेत, अकाउंट्सचा राहिलाय. 'ह्या वयात परीक्षा कशाला' हाही प्रश्न येतो, पण त्याचं उत्तर सोपं आहे: पास झाले की एक इन्क्रिमेंट. ती बाकीच्यांना हवी तशी मलाही हवी आहे.

लाइव्हचं उत्तर तेवढं सोपं नाही.

रेकॉर्डिंग माझ्यासाठी जास्त सोयीचं असणार असं सगळे धरूनच चालतात. सर स्क्रीन शेअर करतात तेव्हा तुम्हाला उदाहरणाचं पान दिसतं. माझ्या एनव्हीडीए ह्या बोलक्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तिथे पान नसतंच, नुसतं चित्र असतं, आणि चित्रातलं अक्षर ते आपणहून वाचत नाही. रेकॉर्डिंगमध्येही तेच चित्र. मग दोन्हींत माझ्या हाती राहतो तो फक्त सरांचा आवाज. फरक एवढाच की लाइव्हमध्ये त्या आवाजाला मी अडवू शकते.

एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं २००६ साली ते लिहायला घेतलं, पुढे त्याचा मित्र जेम्स टेह सोबतीला आला. दोघेही अंध. असली विकतची सॉफ्टवेअर्स भयंकर महाग, म्हणून ह्यांनी स्वतःच केलं आणि फुकट वाटलं. मराठीही बोलतं. शाखेतलं माझं सगळं काम त्याच्यावर चालतं. पण त्याला अक्षर अक्षराच्या रूपातच मिळावं लागतं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ केली तर ते गप्प बसतं. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधली मराठी नोट पाठवली तर असं काही बरळतं की ऐकवत नाही.

मी सरांकडे मागितलं काय होतं? क्लासच्या तासभर आधी फाइल पाठवा, म्हणजे मी दुसरीकडे उघडून वाचत बसेन. लिहाल ते तोंडानं बोला. 'इथे, तिथे' म्हणण्याऐवजी ओळीचा नंबर सांगा. एवढंच. ह्यात पैसा जात नाही. वेळ जातो का, तर हो, थोडा जातो. तो जात नाही असं मी पूर्वी म्हणायचे, आता म्हणत नाही.

आता त्या रात्रीचं सांगते.

बीआरएस चाललं होतं, म्हणजे कॅशबुकाची शिल्लक आणि पासबुकाची शिल्लक जुळवून दाखवायची. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळायला हवं, कबूल. पण ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की सगळा खेळ सुरुवात कुठून करता ह्यावर असतो. चेक दिलाय पण अजून बँकेत वटायला आलेला नाही, अशी रक्कम असेल तर कॅशबुकापासून निघालात की ती मिळवायची, पासबुकापासून निघालात की तीच वजा करायची. रक्कम तीच, चिन्ह उलटं. पहिली ओळ चुकली की सगळं उदाहरण उलटं पडतं.

सर पेननं पडद्यावर लिहीत होते. "हे इथून घेतलं. आता हे चेक, हे इथे मिळवा. हे खालचं वजा. झालं, हे बघा, टॅली." कुठून सुरुवात केली ते बोलले नाहीत, कारण सगळ्यांना पहिल्या ओळीत ते दिसत होतं. फाइल त्या दिवशी आली नव्हती. मी ऑल्ट वाय दाबून हात वर केला, थोडं थांबले, मग ऑल्ट ए दाबून माइक उघडला. "सर, इथे म्हणजे कुठे? कॅशबुकापासून सुरू केलंय की पासबुकापासून?"

सरांनी सांगितलं. कॅशबुक. मी थँक्यू म्हटलं, माइक बंद केला. आणि हेडफोनमध्ये एनव्हीडीए बोलायला लागलं.

चॅटमध्ये कुणी काही लिहिलं की ते माझ्या कानात वाचून दाखवतं. आधी नाव, मग मजकूर. मजकूर मराठी होता पण आपण सगळे करतो तसा रोमन अक्षरांत टाइप केलेला, त्यामुळे इंग्रजी आवाजानं त्याचा पार चुरा केला. मला एकच शब्द नीट लागला, 'बॅच'. वाटलं, नव्या बॅचची काही सूचना असेल, तारीख वगैरे. म्हणून मी चॅटमध्ये गेले, त्या ओळीवर आले आणि उजवीकडच्या बाणानं एकेक अक्षर ऐकत सुटले. त्या आवाजाला सगळं सारखंच असतं. शिवी असो की पगार जमा झाल्याचा मेसेज, एकाच सुरात. एच, वाय, ए, असं करत करत मी शब्द जोडत गेले.

'ह्यांच्यासाठी वेगळी बॅच काढा ना सर रोज तेच'

खाली दोघांचं 'हो सर'.

ज्यानं लिहिलं त्याला बहुतेक वाटलं असणार की हिला दिसत नाही, म्हणजे हिला कळणार नाही. मला ते तुमच्यापेक्षा जास्त कळलं. तुम्ही नजर टाकून पुढे गेला असता. मी ते अक्षरं सुटी करून, परत जुळवून, दोनदा खात्री करून वाचलं.

आणि सर म्हणाले, "चला, पुढे जाऊ."

मला त्या मुलाचा राग आला नाही, खरंच नाही. दिवसभर काउंटरवर बसून, रात्री जेवण बाजूला ठेवून तोही तिथे बसला होता. मला 'चला, पुढे जाऊ' लागलं. मी क्लासमधून बाहेर पडले नाही. दहापर्यंत बसले, काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासच्या ऑफिसमधून फोन आला. मुलगी गोड बोलत होती. "मॅडम, तुम्हाला आम्ही रेकॉर्डिंग पाठवत जाऊ. तुम्ही निवांत ऐका, थांबवून थांबवून ऐका. तुमचीही सोय, सगळ्यांचीच सोय." मी 'बरं' म्हणाले.

म्हणून तुम्ही कुणी प्रेमानं "रेकॉर्डिंग आहे ना" म्हणता तेव्हा मी एकदम ताठरते. तुमचा दोष नाही. ते वाक्य माझ्याकडे पहिल्यांदा ज्या वाटेनं आलं ती वाट मला आठवते.

तीन आठवडे मी रेकॉर्डिंगवर होते. दीड तासाचा क्लास ऐकायला मला तीन तास लागायचे. सर मध्येच म्हणायचे, "बरोबर, चांगला प्रश्न," आणि उत्तर द्यायचे. प्रश्न चॅटमध्ये लिहिलेला असायचा आणि चॅट रेकॉर्डिंगमध्ये नसायचं. नुसती उत्तरं ऐकत बसायची. एकदा व्हिडिओ थांबवून मी मोठ्यानं बोलून गेले, "सर, इथे म्हणजे?" शेजारी मुलगा अभ्यास करत होता. "आई, मला म्हणालीस?"

त्याला काय सांगायचं?

आता प्रामाणिकपणे एक सांगते, कारण नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. रेकॉर्डिंग वाईट नसतं. डोकं दुखत असतं तेव्हा, महिनाअखेरीला शाखेत उशीर होतो तेव्हा मीही तेच लावते. घसाऱ्याचं प्रकरण मी रेकॉर्डिंगवरूनच पक्कं केलं, चार वेळा ऐकून. रेकॉर्डिंग मला हवंच आहे. पण ते लाइव्हच्या बदल्यात दिलेलं नको आहे.

आणि आणखी एक, जे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. डोळे शाबूत होते तेव्हा मी काउंटरवर होते. एक अंध गृहस्थ पेन्शनसाठी यायचे. त्यांना चेकबुक हवं होतं. मी म्हटलं, "काका, कशाला चेकबुक? तुम्ही या, मी तुमचे पैसे काढून देत जाईन, लाइनमध्येही उभं करणार नाही." ते म्हणाले, "मॅडम, मला सही येते." मी म्हटलं, "अहो, पण सोय करून देतेय ना मी?" रिझर्व्ह बँकेचं २००८ सालचं परिपत्रक होतं की अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर ह्यातलं काहीही नाकारता येणार नाही. ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, फाइलला लावलं होतं. तरी त्यांना मी तीन खेपा घालायला लावल्या. मला मनापासून वाटत होतं की मी चांगलं वागतेय. त्या फोनवरच्या मुलीलाही तेच वाटत असणार. माझं तेव्हाचं वाक्य आणि तिचं वाक्य मी शेजारी शेजारी ठेवून बघते, फारसा फरक सापडत नाही. मग मी तिच्यावर कुठल्या तोंडानं चिडू? आणि तरी चिडते.

लोक म्हणतात, कायदा आहे की तुमच्या बाजूनं. आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो निकाल आमच्याच कामाबद्दल होता, केवायसीच्या. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि दृष्टिहीन माणसं, ह्यांना मोबाइल सांगतो 'डोळे मिचकावा', त्यांनी काय करायचं? निकाल मी मोठ्या आवाजात, अगदी सावकाश ऐकला. पण तो घेऊन मी सरांकडे जाऊ? मला त्यांच्याकडून अकाउंट्स शिकायचंय, भांडण जिंकायचं नाहीये. आणि न भांडता हे मिळत नाही, हेही दिसतंय. ह्यातून मला अजून वाट सापडलेली नाही.

शेवटी मी सरांना सरळ फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तो मेसेज कळला असेल असं मला वाटलंच नाही. उगाच तुमच्यासमोर विषय नको म्हणून पुढे गेलो." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मी म्हटलं, "सर, मला सगळं ऐकू येतं." फाइल पाठवायचं कबूल केलं त्यांनी. आठवड्यातून तीन-चार दिवस वेळेवर येते. ओळीचा नंबर पहिली वीस मिनिटं सांगतात, मग रंगात आले की परत 'इथे-तिथे'. मी परत माइक उघडते. मी लाइव्ह बसते ती ह्यासाठी.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्या बॅचला अहिल्यानगरकडचे एक जण आले. त्यांना कमी ऐकू येतं, मशीन लावलं तरी. त्यांनी विनंती केली की सर बोलतात ते मुख्य मुद्दे कुणीतरी चॅटमध्ये टाइप करावेत. रास्त मागणी. सरांचा मदतनीस आता प्रत्येक पायरी टाइप करतो. आणि ती प्रत्येक पायरी एनव्हीडीए माझ्या कानात वाचतं, सर बोलत असतानाच, त्यांच्या आवाजावर. पहिल्या दिवशी एका उदाहरणात सत्तावीस मेसेज आले. मला ना सर ऐकू आले ना मेसेज.

जेवताना मी ह्यांना म्हणाले, "त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं करायला पाहिजे."

मी म्हणाले, आणि घास तसाच हातात राहिला.

चॅट वाचून दाखवणं सेटिंगमधून बंद करता येतं. मी दोन दिवस करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी फाइल बदलल्याचं चॅटमध्ये टाकलं आणि मी तासभर जुनंच उदाहरण धरून बसले. म्हणून परत चालू केलंय. आता क्लासभर माझ्या डाव्या हाताची करंगळी कंट्रोलच्या बटणावर असते. ते दाबलं की एनव्हीडीए तेवढ्यापुरतं गप्प होतं. नाव ऐकायचं, पहिले दोन शब्द ऐकायचे, आणि ठरवायचं, ऐकू की दाबू. कधी चुकीचं दाबलं जातं. त्या गृहस्थांचा स्वतःचा प्रश्न आला तर मात्र मी दाबत नाही.

पावणेआठ वाजलेत. आजची फाइल अजून आलेली नाही. सरांना आत्ताच मेसेज टाकलाय.