साहेबाच्या ओट्यावरची तारीख

स्मारकांच्या माहितीफलकांचा मजकूर लिहून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. याच कामासाठी एका जानेवारीत मी विजयदुर्गाला गेलो. वाघोटन खाडीच्या मुखाशी किल्ला आणि त्याला बिलगून बंदराचे गाव आहे. सकाळी जेटीवर होड्या लागत होत्या, जाळ्यांतून बांगडे झाडले जात होते आणि त्यामागे जांभ्या दगडाची तिहेरी तटबंदी उभी होती. गोमुखी दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही, हे वाचून ठाऊक असूनही मी तिथे क्षणभर वाट चुकल्यासारखा थांबलो.

आरमारी इतिहासाचा फलक लिहायला अवघड नव्हता, पण लिहिताना मन जड झाले. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रातून तोफा डागल्या, एका जहाजाला लागलेली आग नांगरलेल्या जहाजांत पसरली आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच बंदरात जळून गेले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे वाक्य गाळायचे नाही असे मी ठरवले होते.

खरी अडचण दुसऱ्या फलकाची होती. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, त्यांना गावात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे गाव अभिमानाने सांगते. मला मात्र कागदपत्रांतून वेगळेच दिसत होते. त्या ग्रहणात जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते, तर लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेचे मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले.

गावातले एक निवृत्त गुरुजी मला ओटे दाखवायला आले होते. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, पण चढ चढताना माझ्यापुढे. ओट्याच्या कडेवरचे गवत त्यांनी हाताने बाजूला केले आणि दगडाच्या सांध्यांतला चुना बोटाने दाखवला. मी शक्य तितक्या हळुवारपणे माझी माहिती सांगितली. ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मगे साहेब हय इलोच नाय?”

त्या प्रश्नातले दुखावलेपण मला सहन झाले नाही. मी घाईने म्हणालो, “आले होते, गुरुजी. पण तीस वर्षांनी.” २२ जानेवारी १८९८चे खग्रास ग्रहण पाहायला लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आले होते. मेलपोमीन या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि जेमतेम दोन मिनिटांच्या त्या काळोखात छायाचित्रे चुकू नयेत म्हणून आधी त्यांची तालीम घेतली जात होती. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला दुर्बीण लावून बसले होते.

गुरुजी एकदम वळले. त्यांचा आजा सांगायचा की तो बारा-तेरा वर्षांचा असताना गोरे खलाशी किल्ल्यात रोज एकच कवायत करत, एकजण मोठ्याने आकडे म्हणे, आणि पोरे तटाआडून ते पाहत. “आजो माझो पंच्याऐंशी सालातलो,” असे म्हणून त्यांनी बोटांवर हिशेब केला. पंच्याऐंशीचा मुलगा अठ्ठ्याण्णवात तेवढ्याच वयाचा होतो. १८६८ साली तो जन्मलाही नव्हता. घरातली ती आठवण सालाच्या चुकीखाली इतकी वर्षे दबून राहिली होती. कागदपत्रांत मिळाले नसते असे काही त्या ओट्यावर मला ऐकायला मिळाले. माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही तिथेच बसून मजकूर लिहिला. हेलियमची गोष्ट फलकावर राहिली, पण गुंटूर आणि इंग्लंडच्या नावांसह. विजयदुर्गाच्या वाट्याला २२ जानेवारी १८९८ ही तारीख आली. मी तो दोनदा वाचून दाखवला. गुरुजींनी खिशातली छोटी वही काढली, चष्मा पुसला आणि पेन उघडत म्हणाले, “त्या जहाजाचा नाव परत एकदा सांगा.”