कर्नाळा, लहान मुलं आणि ‘पाचच मिनिटं’

उतरणारा प्रत्येक जण चढणाऱ्याला सांगतो, ‘आलंच, पाच मिनिटं!’ पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याच्या वाटेवर हे वाक्य पायथ्यापासून ऐकू येतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते. मोठी माणसं हसून सोडून देतात, पण चार-पाच वर्षांचं पोर ते खरं मानतं. सहाव्या मिनिटाला ते खाली बसतं आणि मग ओढाओढ सुरू होते.

ही ओढाओढ कुठे होणार तेही ठरलेलं. अभयारण्याच्या फाटकापासून पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपर्यंतचा रस्ता सोपा, तिथे मुलं पुढे पळतात. किल्ल्याची वाट जंगलात शिरली की झाडांच्या मुळांच्या आणि दगडांच्या पायऱ्या लागतात. आपल्या गुडघ्याला येणारी पायरी त्यांच्या कमरेला येते. बाप वर चढतो, पोराचं मनगट धरतो आणि एका हिसक्यात त्याला वर घेतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातलं हाड जागेवर धरणारा पट्टा अजून सैल असतो, त्यामुळे सरळ हाताला असा हिसका बसला की ते हाड सरकतं. मूल रडतं, हात अंगाशी लुळा धरतं, हलवू देत नाही. सूज बहुधा दिसत नाही, म्हणून घरचे ‘नाटकं करतोय’ म्हणत त्याला पुढे चालवतात. डॉक्टरकडे हे मिनिटभराचं काम असतं. जंगलात मात्र तो हात चोळायचा नाही की ओढायचा नाही. ओढणीची झोळी गळ्यात बांधून हात तसाच ठेवायचा आणि परत फिरायचं.

खरं तर उचलायची गरजच नसते. मोठ्या माणसाने एक पायरी खाली, मुलाच्या मागे राहायचं आणि त्याला दोन्ही हात टेकून चढू द्यायचं. माकडासारखं चढायला मुलांना आवडतंच. उचलायचंच असेल तर काखेत दोन्ही हात घालून.

उतार त्याहून वाईट. जानेवारीनंतर वाटेवर वाळल्या पानांचा थर असतो आणि त्याखाली सुटा मुरूम. बूट थेट पानांवर सरकतो. मुलं उतारावर धावतात ती मस्तीने नव्हे, त्यांना थांबता येत नाही म्हणून. इथे मोठ्यांनी पुढे, मुलाच्या खालच्या बाजूला आडवं चालायचं, आणि जिथे फार घसरतं तिथे मुलाला सरळ बसून उतरू द्यायचं. चड्डीचं बूड लाल होईल, होऊ द्या. उतरण्याआधी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळायच्या, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं दुखतात. नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी. नवे कोरे बूट आणि मागे पट्टा नसलेल्या चपला, दोन्ही घरी.

किल्ला साधारण 440 मीटर उंच. सवयीच्या माणसाला चढायला दीड तास पुष्कळ. लहान मुलांबरोबर तीन धरा, तेही सातच्या सुमारास निघालात तर. साडेदहा वाजता जिथे असाल तिथून मागे, हा नियम घरीच ठरवावा. माझं स्पष्ट मत असं, की सहा वर्षांखालच्या मुलाला घेऊन सोंडेवर, जिथे झाडी संपून ऊन सुरू होतं, तिथेच डबा उघडावा. पुढे कर्णाई देवीचं देऊळ आहे, दरवाजे आहेत, माथ्यावरच्या सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी आहेत. ती दहा वर्षांनी पाहिली तरी जागेवरच असतील. किल्ला हा मोठ्यांचा हट्ट, मुलांना त्याचं काही पडलेलं नसतं.

शिवाय त्या सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. खाली कोणी मोठ्याने स्पीकर लावतो, कोणी सिगरेट ओढतो, आणि शिक्षा जवळच्या सगळ्यांना होते. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नये. मुलाचं तोंड-डोकं कपड्याने झाकून त्याला उचलून लांब, खाली झाडीत जावं. सकाळी अंगाला अत्तरही नको.

खाजकुइलीची वेल हा दुसरा शत्रू, आणि तो मुलांच्या उंचीवर असतो. हिवाळा सरता सरता तिच्या तपकिरी, मखमली शेंगा वाळतात. मुलांना त्या गोंजाराव्याशा वाटतात, त्यांची बारीक कुसं हातांना लागतात, मग तेच हात डोळ्यांना लागतात. चोळलं की कुसं आणखी आत जातात. आधी चिकटपट्टी लावून ती उपटून काढावीत, कपडे बदलावेत, मग धुवावं. पांढऱ्याफटक खोडाच्या कांडोळाच्या फळांनाही अशीच टोचरी लव असते. खोडाला मात्र खुशाल मिठी मारू द्या.

त्याच जंगलात मुरुडशेंगही आहे, पिळलेल्या दोरीसारखी. बाळगुटीत उगाळतात तीच. ती मुलं तासभर पाहतात, आणि खिशात घालू नये हे त्यांना सांगावं लागतं, कारण हे 1968 पासूनचं अभयारण्य आहे. पक्षी पाहायचेत तर किल्ल्याच्या गर्दीपेक्षा खालच्या छोट्या निसर्गवाटा बऱ्या. दहा मिनिटं गप्प बसणाऱ्या मुलाला तांबट, टकाचोर, हळद्या दिसतील. दोन मिनिटंच बसणाऱ्याला माकडं.

प्लास्टिकच्या वस्तू फाटकावर मोजून अनामत घेतात, परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. म्हणून वेफर्सची पाकिटं नकोतच. स्टीलच्या डब्यात दशम्या, काकडी, राजगिऱ्याचे लाडू. पाणी मुलामागे एक लिटर, मोठ्यांचं दोन, आणि त्यातलं अर्धं उतरताना लागतं हे चढताना लक्षात ठेवायचं.

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी जाताना फाटकाच्या बाजूलाच सोडते. परतीची मात्र महामार्ग ओलांडून धरायची असते, आणि दिवसातला सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच: मुलं पेंगुळलेली, ट्रक सुसाट. इथे मात्र मनगट घट्ट धरा.