जुन्या पिकअपचा मागचा एक्सल बदलताना

आमची पिकअप खानापूर भागातली रताळी आणि भाजी चोर्ला घाटातून गोव्याला नेते. यंदा मागच्या डाव्या पाट्याजवळ (गाडीचं वजन झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगजवळ) हौसिंगला, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचाला, चीर गेली आणि तेल पाझरायला लागलं. अशा जागी नुसतं वेल्डिंग मारलं, तर उष्णतेनं हौसिंग वाकायची भीती असते आणि मग बेअरिंग, सील काही टिकत नाही. म्हणून दुसरा एक्सल शोधला.

कागलजवळ त्याच मॉडेलची, पण नंतरच्या सालातली बंद गाडी मिळाली. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, चासीसकटच घेऊया की. आपलं इंजिन आणि हौदा तिच्यावर चढवू." चासी खरोखर चांगली होती. तरी मी नको म्हटलं. गाडीची ओळख चासीवर ठोकलेल्या नंबरात असते. ती चासी एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची; आमचं आरसी (नोंदणीचा दाखला) केए-२२ चं, म्हणजे बेळगावचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. माझं मत पक्कं आहे : एक्सल बदला, चासीला हात लावू नका.

पण आमची चासी वाकल्यामुळेच हौसिंग फुटलं नसेल ना, हे बघणं भाग होतं. मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर घेतली, पाट्यांच्या चारही हँगरपासून ओळंबा सोडून खाली खडूच्या खुणा केल्या आणि कोपऱ्या-कोपऱ्यातली तिरकी मापं ताणली. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चासी चौकोनात आहे. आमची सारखी आली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

खरा वेळ एक्सलनं खाल्ला. मॉडेलचं नाव एकच, पण दोन पाट्यांच्या सीटांमधलं (हौसिंगवर पाटे टेकतात त्या बैठकांमधलं) अंतर निराळं. ड्रमपासून ड्रमपर्यंतची रुंदी, सेंटर बोल्टचं भोक, पाटा एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टची जाडी, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, सगळं टेपनं आणि व्हर्नियरनं मोजून वहीत उतरवलं. बोल्टांचं वर्तुळ वेगळं असतं तर पुढच्या-मागच्या चाकांना एकच स्टेपनी चालली नसती, आणि घाटात ते परवडत नाही.

रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे लागतात, तो बघायला हौसिंग उघडावं लागत नाही. एका बाजूचं चाक घट्ट धरायचं, दुसरं २० फेरे फिरवायचं आणि पिनियनचे (शाफ्टला जोडलेल्या छोट्या गिअरचे) फेरे मोजायचे. ४१ आले तर रेशो ४.१. एक चाक धरलेलं असल्यानं दुसरं २० वेळा फिरलं तरी क्राऊन (पिनियनला जुळलेला मोठा गिअर) १० वेळाच फिरतो, म्हणून भाग १० नं द्यायचा. कागलच्या एक्सलचा रेशो आमच्यापेक्षा मोठा निघाला. भरल्या गाडीला चढावर ते बरंच. पण हायवेला इंजिन जास्त फिरणार, आणि वेगाच्या मीटरची केबल गिअरबॉक्सवरून येत असल्यानं काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार. आम्हाला घाटच रोजचा, म्हणून घेतला.

सीटा कापून आमच्या मापावर बसवायचं काम उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपला दिलं. इथं पिनियनच्या तोंडाचा कोन सांभाळावा लागतो. तो चुकला तर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस खडखडतात आणि लवकर जातात. म्हणून सीटा आधी नुसत्या टाचल्या, एक्सल गाडीखाली लावला, वजन चासीवर घेऊन कोन मोजला आणि मगच पक्कं वेल्डिंग केलं, तेही थोडं थोडं, बाजू बदलत. शाफ्टची लांबी नव्यानं करून बॅलन्सिंग केलं. ब्रेकचे सिलिंडर दोन्हींचे वेगळे होते. एक्सलबरोबरचेच ठेवले, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली आणि आधी रिकाम्या, मग भरल्या गाडीवर ब्रेक तपासले.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. नव्या नट-बोल्टांना ते लागतंच. आता जांबोटीच्या पुढचा चढ गाडी आधीपेक्षा एक वरच्या गिअरमध्ये काढते. जुन्या एक्सलचे हब आणि क्राऊन-पिनियन शाबूत आहेत, ते तेल लावून ठेवलेत; आधीच्या सालच्या गाडीवाल्यांना उपयोगी पडतील, फक्त माप जुळवून घ्या.