तुम्ही विचारलंत म्हणून: परसातला धबधबा खरा कसा वाटेल?

तळ्याशी येऊन उभं राहिलेलं माणूस थोड्या वेळाने विचारतंच, "हा ओढा इथे आधीपासून होता का?" नाही, मी केलाय, असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: "मग आमचा असा का दिसत नाही? दगड कुठले वापरलेत? पंप केवढा?" तिथेच उभ्या उभ्या मी जे सांगते ते नेहमी अर्धवट राहतं. म्हणून आज नीट लिहितेय.

दगड आणि पंपाकडे येतेच, पण आधी माती. माझा पहिला धबधबा दगड उत्तम असूनही फसला होता. तळं खणताना निघालेली माती काठावर एका जागी रचली, त्या ढिगाला चहूबाजूंनी दगड लावले आणि शेंड्यावर पाइपचं तोंड सोडलं. पाणी पडायचं छान, पण सपाट जमिनीवर एकटाच उंचवटा आणि त्याच्या डोक्यातून निघणारं पाणी, हे दृश्य डोळ्याला पटायचं नाही. डोंगरातलं पाणी शेंड्यावरून निघत नाही, ते दोन उतारांमधल्या घळीतून येतं. त्याच्या मागे आणि दोन्ही बगलांना त्याच्याहून उंच जमीन असते. मी ढीग मोडला आणि तीच माती रुंद पसरून मागे हळूहळू चढत नेली, थराथराने ओली करून धुमसली. भराव पहिल्यापेक्षा कितीतरी पसरट झाला. धार जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीची उरली, तरी आता पाणी मागून कुठूनतरी वाहत येतंय असं वाटू लागलं. वरच्या टोकाला ओहोळाला एक वळण दिलं आणि पाइपचं तोंड त्या वळणाआड, झुडपाखाली लपवलं. पाण्याचा उगम दिसत नाही, एवढ्यानेच निम्मं काम होतं.

नंतरचा प्रश्न मी स्वतःला विचारला: पाणी नेमकं इथेच का पडावं? खऱ्या धबधब्याला कारण असतं. नायगाराच्या कड्यावर वरचा थर कठीण डोलोमाइटचा आहे आणि त्याखाली मऊ शेल. खालचा मऊ खडक झिजत जातो, वरचा कडा पुढे लोंबतो, मग आधार सुटून तुटतो, आणि असा तो धबधबा हजारो वर्षं मागे मागे सरकत आला आहे. परसातल्या दोन फुटांच्या धारेलाही हीच गोष्ट सांगता येते. ज्या दगडावरून पाणी सुटतं तो, म्हणजे धबधब्याचा ओठ, सगळ्यांत भक्कम, सपाट आणि थोडा पुढे आलेला हवा. त्याच्याखाली सावलीची पोकळी हवी. दोन्ही बाजूंना त्याच्याहून उंच, जड धोंडे हवेत, जणू पाण्याला तेवढे कापता आले नाहीत. पायथ्याशी त्याच जातीचे एक-दोन तुकडे वेडेवाकडे पडलेले असावेत, वरून कधीतरी निखळल्यासारखे. आणि जिथे पाणी आदळतं तिथे डोह खोल असावा.

त्या ओठाच्या दगडावर मी अख्खा दिवस घालवला आणि तुम्हीही घालवा. कड गोलसर असेल तर पाणी सुटत नाही. भांड्यातून हळू ओतताना ते जसं भांड्यालाच चिकटून खाली ओघळतं, तसंच दगडाच्या पोटाला धरून मागे जातं. कड धारदार हवी, खालून आत कापलेली. दगड दोन-तीनदा उलटापालटा करून, दर वेळी बादलीने पाणी ओतून पाहायचं. आडवी पातळी लावून बसवला तर पातळ पडदा मिळतो. अगदी किंचित कललेला असेल तर पाणी एका कोपऱ्यात गोळा होऊन दोन-तीन वेगळ्या धारा पडतात. मला हे दुसरं जास्त खरं वाटतं.

एवढं सगळं करूनही पंप सुरू केल्यावर पाणी गायब होतं, ही तक्रार फार ऐकते. ते कुठे जात नाही, दगडांच्या फटींतून खालून वाहतं. ओठाखालच्या आणि बाजूच्या फटी तळ्यासाठी मिळणाऱ्या काळ्या फोमने भरायच्या आणि फोम ओला असतानाच वर वाळू-खडी दाबायची, म्हणजे तो दिसत नाही. सिमेंट मी टाळते. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून त्याचा सामू (पीएच) वाढवतो आणि मासे असतील तर ते संकटात येतात.

आता दगड. एकाच जातीचे घ्या. रंगीबेरंगी गोळा केलेले दगड सुटे सुटे सुंदर असतात, एकत्र आले की विकत आणल्यासारखे दिसतात. दगडात थर दिसत असतील तर सगळ्यांचे थर एकाच दिशेने कललेले ठेवा, कारण जमिनीतला कातळ एकच असतो. उन्हापावसाने काळवंडलेली, दगडफूल चढलेली बाजू बाहेर, ताजी फुटलेली बाजू मातीत. प्रत्येक मोठा दगड निदान एक तृतीयांश पुरा. नुसता ठेवलेला दगड ठेवलेलाच दिसतो. आणि काठाने सारख्या आकाराचे गोटे माळेसारखे ओवू नका, ही चूक मला सगळ्यांत जास्त दिसते. थोडे धोंडे, त्यांना टेकून मधले दगड, आणि मध्ये भरपूर बारीक खडी, असं प्रमाण ठेवा. कुठे दगड संपून गवत थेट पाण्यात उतरू द्या. वळणावर बाहेरचा काठ पाणी कापतं आणि आतल्या बाजूला वाळू-खडी टाकत जातं, म्हणून मोठे दगड बाहेरच्या अंगाला आणि बारीक खडी आतल्या अंगाला.

पंपाचं गणित त्यामानाने सोपं आहे. ओठाच्या दर सेंटिमीटर रुंदीला ताशी साधारण १५० लिटर पाणी मिळालं की चांगला पडदा पडतो. ३० सेंटिमीटरच्या ओठाला ४,५०० लिटर. मात्र पंपावर लिहिलेला कमाल आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जेवढं वर चढवाल तेवढं कमी येतं, अरुंद आणि लांब पाइपात आणखी कमी. पंपासोबतच्या तक्त्यात तुमच्या उंचीचा आकडा पाहूनच घ्या. आणि खूप जास्तही नको, छोट्या घळीतून पूर आल्यासारखं दिसतं.

आवाजाविषयी कुणी विचारत नाही, पण डोळे मिटल्यावर खरेपणा त्यातच असतो. पडत्या पाण्याचा आवाज मुख्यतः पाण्यात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,००० हर्ट्झला वाजतो, दहापट मोठा बुडबुडा दहापट खालच्या सुरात. धार उथळ खडीवर पडली तर नुसती चुळचुळ ऐकू येते. खोल डोहात पडली की मोठे बुडबुडे बनतात आणि आवाज गंभीर होतो. माझ्याकडे तीन पायऱ्या आहेत, तिन्हींची उंची वेगळी, म्हणून तीन आवाज एकमेकांत मिसळतात. मधल्या पायरीखाली एक चपटा दगड सरकवला की सूर बदलतो. हे मी अजूनही करत बसते.

दगड पक्के करण्याआधी एकदा पंप बंद करून पाहा. कोरडा असतानाही तो ओढाच वाटायला हवा. तेव्हाच लायनरची, म्हणजे पाणी जिरू नये म्हणून तळाशी अंथरलेल्या जाड पटलाची, उघडी कड, पाइप, फोमचा फुगवटा सगळं डोळ्यांत येतं. लायनरची कड सगळीकडे वाहत्या पाण्याच्या पातळीहून वर आहे ना, तेही याच वेळी बघा. माती किंवा शेवाळ लायनरवरून बाहेरच्या मातीला टेकलं तर ते वातीसारखं पाणी ओढून नेतं आणि तळं रोज का उतरतंय हे कळत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, जो परवाच एकीने विचारला: तळ्यामागे लगेच कुंपणाची भिंत आहे, माती चढवायला जागाच नाही, मग? मग धबधबा करू नका, झरा करा. भिंतीशी दाट झुडपं आणि नेचे लावा, त्यांच्या पायथ्याशी दोन मोठे दगड एकमेकांना टेकवून अर्धे पुरा आणि त्यांच्या फटीतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर पाणी येऊ द्या. भिंतीपुढेही ते शोभतं, कारण झऱ्याला मागे डोंगर असल्याचं दाखवावं लागत नाही. तिच्या तळ्याला एवढंच पाणी पुरेल, असं मी तिला सांगितलंय.