चिठ्ठीवर फक्त 'एमआरआय ब्रेन'

मी लातूरला एमआरआय टेक्निशियन आहे. परवा औसा तालुक्यातून एक ताई आल्या, सोबत आई आणि भाऊ, पिशवीत दोन जुने एमआरआय, दोन्ही नॉर्मल. चिठ्ठीवर नाव, वय आणि 'एमआरआय ब्रेन', बास. डॉक्टरलोकांनी अजून एक ओळ लिहिली तर काय बिघडतं हे मला आजवर कळलं नाही.

आईला विचारलं तर म्हणाल्या, "साहेब, आधी म्हणती पोटातून कायतरी वर चढायलंय, मग नुसतीच टक लावून बघती, तोंड चाळवती, पदर चिवडती, नंतर इचारलं तर तिला काहीच ठाव नसतंय." लहानपणी तापात बराच वेळ झटके आले होते. गावात बाहेरचं समजून अंगारे-धुपारे करण्यात वर्षं गेली. मिरगीच्या दोन गोळ्या चालूच होत्या, तरी फरक नाही.

हे ऐकल्यावर टेम्पोरल लोबच, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग, डोळ्यापुढं येतो. जुन्या फिल्म बघितल्या, सगळे 5 मिमीचे आडवे कट. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा छोटा भाग, टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला तिरका असतो, आडव्या जाड कटमध्ये तो बारीक झालेला सहज निसटतो. रेडिओलॉजिस्ट मॅडमला फोन केला, त्या लगेच म्हणाल्या एपिलेप्सी प्रोटोकॉल, म्हणजे मिरगीसाठीचा खास स्कॅन, करा. मग सॅजिटलवर (बाजूनं दिसणाऱ्या कटवर) हिप्पोकॅम्पसची लांबी धरून तिला बरोबर काटकोनात बारीक कोरोनल (समोरून दिसणारे) कट लावले, टी2 आणि फ्लेअर, वर थ्रीडी टी1, असे वेगवेगळ्या प्रकारचे स्कॅन. डोकं थोडं जरी कललं तरी डावं-उजवं एका पातळीत येत नाही आणि तुलनाच खोटी पडते, म्हणून पॅड लावून सरळ करण्यात वेळ घातला. बाहेर नंबरवरनं भांडणं चालली होती, चालू देत.

कोरोनल आले आणि डावा हिप्पोकॅम्पस उजव्यापेक्षा स्पष्ट लहान, फ्लेअरवर पांढरा, आतले थर पुसलेले. मॅडमनी रिपोर्ट दिला, डाव्या बाजूचा मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, म्हणजे हिप्पोकॅम्पस आकसून त्यात व्रण पडलेला.

भाऊ विचारत होता, "मग आधीचे दोन नॉर्मल कसे?" ते स्कॅन मेंदूत गाठ, रक्तस्राव बघायला ठीकच होते, पण हे शोधायला घेतलेलेच नव्हते. आणि हे सापडण्यानं फार फरक पडतो, कारण गोळ्यांनी न थांबणाऱ्या टेम्पोरल लोबच्या मिरगीत ऑपरेशन करता येतं. 2001 साली कॅनडातल्या 80 पेशंटच्या ट्रायलमध्ये वर्षभरानं ऑपरेशनच्या गटात 58 टक्के लोकांचे भान हरपणारे झटके थांबलेले होते, नुसत्या औषधांवरच्या गटात 8 टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा हॉस्पिटलला ही ऑपरेशनं 1995 पासून होतात.

आता न्यूरोलॉजिस्ट, व्हिडिओ ईईजी (झटक्याचं चित्रण करत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद), झटका खरंच तिथूनच उठतो का याची खात्री, एवढं सगळं बाकी आहे. भाऊ म्हणाला सोयाबीन निघालं की जाऊ. तोवर गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि विहिरीवर एकटीला पाठवायचं नाही, हे मी आईंकडून परत म्हणवून घेतलं.