कपलिंग रॉडचं माप ड्रॉइंगवरून घेऊ नका

मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १९९०च्या दशकापर्यंत मीटरगेज होता. त्यामुळे गोव्यातल्या माणसाला मॉडेल करावंसं वाटतं ते मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाचंच. हिशेबही सोयीचा आहे: १:८ प्रमाणात १००० मिमीचे १२५ होतात आणि पाच इंची मॉडेल ट्रॅक असतो १२७ मिमीचा. पण पहिल्याच इंजिनाला आठ जोडचाकांच्या वायजीला (मीटरगेजच्या मालगाडीच्या इंजिनाला) हात घालू नये. चार किंवा सहा चाकांचं शंटिंग इंजिन घ्या. बॉयलरची धास्ती सगळ्यांनाच असते, तरी माझ्या मते खरी कसोटी चाकं कपलिंग रॉडनं, म्हणजे त्यांना एकत्र फिरवणाऱ्या दांड्यांनी, एकमेकांशी जुळवण्यात आहे.

फ्रेमला ३ मिमीची काळी हॉट रोल्ड प्लेट घ्या. चकचकीत ब्राइट पट्टीचा मोह नको. कोल्ड रोलिंगमध्ये तिच्या पृष्ठभागात ताण अडकलेला असतो. अ‍ॅक्सलबॉक्सच्या (चाकांचा आस ज्यात फिरतो त्या ठोकळ्यांच्या) खाचा कापल्या की हा ताण एका बाजूनं सुटतो आणि पट्टी धनुष्यासारखी वाकते. लेझरनं कापून घेणार असाल तर खाचा १ मिमी कमी ठेवा. मग दोन्ही प्लेटी एकत्र आवळून एकाच सेटिंगमध्ये मिल करा.

चाकांची बिडाची कास्टिंगं बेळगाव किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीतून करून घेता येतात, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) मात्र आपण द्यायचा. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. तयार व्यास १२० मिमी असेल तर दर बाजूला ३ मिमी मशिनिंग धरून पॅटर्न १२७ मिमीचा करा. लेथवर पहिला कट कातडीच्या खाली, निदान दीड मिमी खोल गेला पाहिजे. वरवर खरवडलं तर कातडीतली वाळू टूलची धार खाते. हायस्पीड टूलला मिनिटाला ५० फेरे पुरेत. काम कोरडंच करा, पाणी मिसळलेल्या कूलंटमध्ये बिडाची भुकटी कालवली जाऊन बेडवर लगदा साचतो. आधी मागची बाजू फेस (सपाट) करून मधलं भोक बोअर करा आणि रीमरनं नेमक्या मापाचं करा, मग चकमध्ये वळलेल्या मँड्रेलवर (चाक ज्यावर चढवतात त्या दांड्यावर) सगळी चाकं एकामागून एक, क्रॉसस्लाइडच्या (टूल आतबाहेर नेणाऱ्या भागाच्या) एकाच आकड्यावर. व्यासात फरक राहिला तर इंजिन धावताना एक जोडी कायम घसरत राहते.

जून ते सप्टेंबरमध्ये ताज्या बिडावर रातोरात तांबेरा चढतो. वळून झालं की लगेच तेलाचा हात फिरवा. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते.

आता कपलिंग रॉड. ड्रॉइंगमध्ये दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १७७ मिमी लिहिलेलं असेल, पण तुमच्या फ्रेममध्ये ते १७७.०६ आलेलं असू शकतं. तेवढ्यानंही चाक अडतं. अ‍ॅक्सलबॉक्स धावण्याच्या उंचीवर पॅकिंग देऊन बसवा, त्यांत सारख्या व्यासाचे दोन प्लग घाला, बाहेरून बाहेर माप घ्या आणि त्यातून एक व्यास वजा करा. दोन्ही बाजू मोजा, त्यांच्यात ०.०५ मिमीहून जास्त फरक असेल तर रॉडला हात लावण्याआधी अ‍ॅक्सलबॉक्स सुधारा. मग दोन्ही रॉड एकत्र जोडून याच अंतरावर बोअर करा. टेबल एकाच दिशेनं सरकवा, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश (आट्यांमधला सैलपणा) मापात शिरतो.

अ‍ॅक्सलच्या दोन चाकांवरच्या क्रँकपिन (रॉड अडकवायच्या खुंट्या) एकमेकींशी ९० अंशांत हव्यात. पण कोन ९०.५ आला तरी बिघडत नाही. तो सगळ्या अ‍ॅक्सलवर तेवढाच यायला हवा, म्हणून सगळे एकाच जिगमध्ये (कोन पक्का धरणाऱ्या साच्यात) बसवा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये ११९ मिमी ठेवा. चाक आसावर चिकटवणारं लॉक्टाइट ६३८ काही मिनिटांत धरतं, तेव्हा आधी एकदा कोरडी जुळणी करून पाहा. गंजापासून वाचवायला लावलेलं तेल बोअरमधून अ‍ॅसिटोननं पूर्ण काढा. तेलकट जागी लॉक्टाइट नीट धरत नाही, आणि चाक पुढे भाराखाली फिरतं. पुरतं मुरायला २४ तास द्या.

जुळवल्यावर चॅसी अडली तर लगेच कानस घेऊन बुश (रॉडच्या भोकांतली अस्तरं) मोठे करू नका. एका बाजूचा रॉड काढून फिरवा. एकाच रॉडवर, पिन आणि अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तिथे अडत असेल तर रॉडचं अंतर चुकलंय. प्रत्येक बाजू एकेकटी मोकळी फिरते आणि दोन्ही लावल्यावर अडते, तर कोन चुकलाय. अडणारी अ‍ॅक्सल शोधा, त्यावरचं एक चाक गरम करून सोडवा आणि पुन्हा बसवा.

सगळं मोकळं फिरू लागल्यावर मुख्य क्रँकपिन (जिला पिस्टनकडून जोर मिळतो ती) सोडून बाकीच्या बुशांत ०.१ ते ०.१५ मिमी सैलपणा द्या. स्प्रिंगवरचं चाक ट्रॅकच्या सांध्यावर वरखाली होतं तेव्हा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर किंचित बदलतं, आणि घट्ट बुश असले तर टेबलावर छान फिरणारी चॅसी ट्रॅकवर अडकते. सहा चाकांच्या इंजिनात याच कारणासाठी रॉड अखंड न ठेवता मधल्या पिनजवळ सांधा ठेवतात.