तुम्ही विचारलंत म्हणून : शब्दकोडी सोडवल्याने विसरणे टळते का?

सांगलीतल्या आमच्या विरंगुळा केंद्रासाठी मी गेली अकरा वर्षे दर मंगळवारी एक शब्दकोडे रचतो. त्यामुळे कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एवढेच काय, दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेलो असतानाही एक प्रश्न मला चुकत नाही : "सर, रोज कोडे सोडवले की म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही म्हणतात, ते खरे का?" विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचे असते, आणि तेवढे मला म्हणवत नाही. आमचे थोरले बंधू, अण्णा, उभा जन्म सकाळच्या चहाबरोबर शाईच्या पेनाने कोडे सोडवत आले, आणि ऐंशीव्या वर्षी त्यांना अल्झायमरने गाठले.

त्यांच्या आजारपणात मी या विषयावरचे मिळेल ते वाचून काढले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वृद्धांवर अनेक वर्षे चाललेल्या एका अभ्यासात ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, अशा १०१ जणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या होत्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, शब्दकोडी सोडवणाऱ्यांची स्मरणशक्ती झपाट्याने घसरू लागण्याची वेळ सुमारे अडीच वर्षे पुढे गेली होती. मात्र घसरण एकदा सुरू झाल्यावर ती इतरांपेक्षा वेगाने झाली. हे वाचताना मला अण्णाच दिसले. एका दिवाळीला अंकातले कोडे एकटाकी पुरे करणारा हा माणूस पुढच्या दिवाळीला उघडे पेन हातात धरून नुसता चौकटीकडे पाहत बसला होता. अभ्यासक याची उपपत्ती अशी लावतात की सरावलेला मेंदू आतल्या बिघाडाला वळसे घालून बराच काळ काम भागवतो, आणि वळसे संपतात तेव्हा बिघाड फार पुढे गेलेला असतो.

स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे १९३६ साली जन्मलेल्या सुमारे ५०० जणांचा असाच मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि त्यांत असे दिसले की बुद्धीला ताण देण्याची सवय असलेल्यांची उतरण थांबली नव्हती. त्यांची सुरुवात मात्र वरच्या पायरीवरून झाली होती. सांगलीकराला हे समजावून सांगावे लागत नाही. जोते उंच असले म्हणून कृष्णेचे पाणी हळू चढत नाही, ते उंबऱ्याला उशिरा लागते एवढेच. पण २०१९ चा पूर पाहिलेल्या कोणालाही त्या उशिराची किंमत विचारून पाहावी.

कोड्यांच्या बाजूने बोलणारा पुरावा मुळीच नाही, असे मात्र नाही. सौम्य विस्मरण जडलेल्या १०७ जणांवर अमेरिकेत ७८ आठवड्यांचा प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये त्याचे निकाल आले. त्यात संगणकावर मेंदूचे खेळ खेळणाऱ्यांपेक्षा संगणकावरच शब्दकोडी सोडवणारे थोडे सरस ठरले. माझ्यासारख्याला ही बातमी गोड लागली, परंतु यांपैकी काहीच न करणारा तिसरा गट त्या प्रयोगात नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

मग कोडे करते तरी काय? वय वाढले तरी शब्दांचा साठा बराच काळ शाबूत राहतो, किंबहुना वाढतोही. मंदावते ती साठ्यातून नेमका शब्द काढून आणण्याची चाल. एका मंगळवारी मी 'आमटी वाढण्याचे खोलगट साधन, चार अक्षरी, तिसरे अक्षर रा' असा संकेत दिला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ डाव, पळी, चमचा असे सगळे पुटपुटून थकले. शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात पातेल्यात घालून वर काढल्यासारखा दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, "ओगराळे!" (शेवटच्या 'ळे'ने माझा घाम काढला होता. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नसल्यामुळे उभा शब्दही तिथेच संपवावा लागतो. मी 'सोहळे' बसवून सुटका करून घेतली.) माझ्या मते कोड्याचा खरा व्यायाम शब्द सापडण्याआधीच्या त्या अर्ध्या मिनिटात होतो.

म्हणूनच एकाच रचनाकाराची कोडी वर्षानुवर्षे सोडवण्यात फारसा अर्थ नाही. 'सूर्य, तीन अक्षरी' असे वाचताच हात आपोआप 'भास्कर' लिहू लागला की तो व्यायाम न राहता नुसती सवय होते. अमेरिकेत २८०० हून अधिक वृद्धांना स्मरण, तर्क आणि वेग यांचे वेगवेगळे प्रशिक्षण दिले गेले, तेव्हाही प्रत्येकाची प्रगती मुख्यतः शिकवलेल्या कौशल्यापुरतीच राहिली.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, बहिरेपण आणि एकटेपणा ही सगळी आहेत. शब्दकोडी न सोडवणे हे कारण नाही. आमच्याकडे कोड्याला बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक कानाला यंत्र लावायला लाजतात, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला मी हल्ली आधी कान तपासून यायला सांगतो.

आणि जमल्यास कोडे घेऊन केंद्रावर यायला सांगतो. गेल्या मंगळवारी 'भाकरी परतण्याचे साधन' या संकेतावरून 'कालथा' आणि 'उलथने' असे दोन तट पडले. दोन्हींचे दुसरे अक्षर 'ल'च असल्यामुळे घरे मोजेपर्यंत कोणी माघार घेईना, आणि मोजल्यावर हरलेल्यांनी रचनाकारालाच धारेवर धरले. चहा निवला, कोडे अर्धेच राहिले.